मदत हवी आहे: जीसीसी कंपायलर ४.८ वरून १३ वर आत्ताच जाऊ, की सीझन निघू देऊ?

काटेवाला:
नमस्कार मंडळी. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचं सॉफ्टवेअर पाहतो. गाडी काट्यावर चढली की सीरियल पोर्टवरून वजन घ्यायचं, रिकाम्या गाडीचं वजा करायचं, भाव लावून पावती छापायची. कोड माझ्या आधीच्या माणसाचा, थोडा सी, थोडा सी++. काट्यावरचा पीसी ३२ बिट, उबुंटू १४.०४, त्यासोबत आलेला जीसीसी ४.८, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर.

मालक आता नवा पीसी घेऊन राहिले. त्यावर उबुंटू २४.०४, म्हणजे जीसीसी १३. घरी लॅपटॉपवर बिल्ड करून पाहिला.

सी च्या फायलींमध्ये ‘मल्टिपल डेफिनिशन’च्या एररी धडाधड आल्या. ग्लोबल व्हेरिएबल एक्स्टर्न न लावता सरळ हेडरमध्ये आहेत, म्हणून हेडर घेणाऱ्या प्रत्येक फायलीत त्यांची वेगळी प्रत बनते. जुना कंपायलर ते मुकाट्याने एकत्र करायचा, जीसीसी १० पासून करत नाही. हे निस्तरता येईल, नुसती हमाली आहे.

खरी अडचण लायब्ररीची. वजनाच्या इंडिकेटरसोबत मिळालेली, आधीच कंपाइल केलेली .ए फाइल आहे, सोर्स नाही, देणारा फोन उचलत नाही. तिच्यात सी++ ची एसटीडी स्ट्रिंग (मजकूर ठेवायचा प्रकार) घेणारी फंक्शनं आहेत आणि तुकडे जोडणारा लिंकर म्हणतो, अनडिफाइन्ड रेफरन्स, म्हणजे ती सापडतच नाहीत.

पण नव्याचा फायदाही दिसला. तारखेचा बफर १० अक्षरांचा आहे. दिवस, महिना, साल आणि दोन तिरक्या रेघा मिळून १० होतात, शेवटच्या शून्याला जागाच नाही! ४.८ ने याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, १३ ने पहिल्याच फटक्यात वॉर्निंग दिली.

भीती पैशाची वाटते. रक्कम डबलमध्ये (दशांश आकड्यात) काढून पूर्णांकात तोडली आहे. जुन्या-नव्या पावतीत एका पैशाचा फरक निघाला तरी शेतकरी विचारणार, आणि विचारायलाच पाहिजे. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागते. काय करू?

जुनाखोड:
भाऊ, आधी ऑब्जडम्प या टूलने पाहा, लायब्ररी ३२ बिट आहे का. त्या पीसीवर चालते म्हणजे असणारच. ती ६४ बिट प्रोग्रॅमला जोडली जाणार नाही. मल्टिलिब (३२ बिटसाठीच्या लायब्रऱ्या) टाकून -एम३२ या पर्यायाने ३२ बिट बिल्ड करावं लागेल. स्ट्रिंगचं एबीआय, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी जुळायची पद्धत, जीसीसी ५ मध्ये बदललं. ‘ग्लिबसीएक्सएक्स यूज सीएक्सएक्स११ एबीआय’ हा मॅक्रो ० करा, पण सगळ्या फायलींना. अर्ध्यांना लावला तर लिंकर पुन्हा रडेल.

पैशासाठी डबल काढूनच टाका. क्विंटलचा भाव रुपयांत म्हणजेच किलोचा भाव पैशांत. २,३४० किलो गुणिले ७,१५० म्हणजे १,६७,३१,००० पैसे, झाले १,६७,३१० रुपये. भागाकारच नाही, तर फरक येणार कुठून? पैशांत धरले तर ३२ बिट इंटमध्ये सव्वादोन कोटी रुपयेही मावत नाहीत, म्हणून दिवसाची बेरीज ६४ बिटच्या लाँग लाँगमध्ये ठेवा. ओलाव्याची कपात टक्क्यात असेल तर राउंडिंग कुठे करायचं ते मालकाकडून लिहून घ्या.

तूरबोंडे:
दोन कामं एकत्र कशाला करता? पीसी बदलणं वेगळं, कंपायलर बदलणं वेगळं. जुन्या ग्लिबसीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) बांधलेली बायनरी, म्हणजे तयार प्रोग्रॅम, नव्यावर सहसा चालते, उलटं नाही. नव्या पीसीवर आय३८६ च्या, म्हणजे ३२ बिटच्या, लायब्रऱ्या टाका आणि आहे तीच बायनरी चालवा. तारखेचा बफर तेवढा जुन्या पीसीवरच, ४.८ नेच दुरुस्त करून घ्या, तो सीझनभर तसा ठेवू नका. जीसीसी १३ चं बिल्ड बाजूला असू द्या, मागच्या वर्षीची वजनं त्यात घालून पावत्या ताडून पाहा. मार्चमध्ये गर्दी ओसरली की बदला.

जुना पीसी मात्र भंगारात देऊ नका. आणि नव्याला सीरियल पोर्ट आहे ना? यूएसबीचं कन्व्हर्टर लावलं तर पोर्टचं नाव बदलतं. कोडमध्ये टीटीवायएस० हे जुन्या पोर्टचं नाव पक्कं लिहिलेलं असेल तर कंपायलर कोणताही घ्या, वजन येणार नाही.