जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदाच लिनक्स टाकायचंय, कुठलं घेऊ? (जुन्या मराठी प्रश्नपत्रिका उघडल्या पाहिजेत)

जतकर_मास्तर
नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यात जि. प. शाळेत शिक्षक आहे. लॅपटॉप २०१६ चा, आय३ पाचवी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो म्हणे, म्हणजे माझा बसत नाही. दुकानवाला म्हणतो नवीन घ्या, पण मशीन चांगलं चालतंय, फक्त चालू व्हायला पाच-सहा मिनिटं घेतं, मग नवीन कशाला घ्यायचा हे मला पटत नाही.

काम म्हणाल तर यू-डायस (शाळेची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) वगैरे ब्राउझरमध्ये, निकालपत्रकं एक्सेलमध्ये, प्रोजेक्टरवर मुलांना व्हिडिओ, आणि प्रश्नपत्रिका. खरी भीती प्रश्नपत्रिकांचीच आहे. दहा वर्षांच्या आहेत, निम्म्या श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये, थोड्या पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये, अलीकडच्या गुगलच्या टूलने युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर दिसणारं मराठी) टाइप केलेल्या. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकली तर त्या उघडतील का? यूट्यूबवर बघितलं तर लिनक्सच्याच प्रकारांत एक म्हणतो उबुंटू, दुसरा म्हणतो मिंट, तिसरा आणखीनच काहीतरी, डोकं चालेना. कमांड वगैरे मला येत नाहीत. कृपया नवख्याला कळेल असं सांगा.

पेनड्राइव्हवाला
सर, लिनक्स मिंट घ्या, त्यातलं एक्सएफसीई एडिशन. ते मिंटचं सगळ्यात हलकं आहे, ४ जीबीत नीट चालतं. सिनॅमन हे मिंटचं दुसरं एडिशन दिसायला छान आहे, पण ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडले की ४ जीबीत धाप लागते. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर बांधलेलं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, त्यामुळे तीन-चार वर्षं परत हा विषय काढायला नको. खाली स्टार्ट मेनू, उजवीकडे घड्याळ, विंडोजवरून येणाऱ्याला अंदाज लगेच येतो.

पण सर, लगेच इन्स्टॉल करू नका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाणार, आधी रिकामा करा), मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण फाइल) उतरवा, रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवा. मग लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहायचं, बऱ्याच मशीनवर एफ१२ असतं, काहींवर एफ९ किंवा एस्केप, आणि पेनड्राइव्ह निवडायचा. मिंट थेट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, हार्ड डिस्कला हात लागत नाही. दोन दिवस असंच वापरा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रोजेक्टर जोडून बघा, ब्राइटनेसची बटणं बघा, झाकण लावून उघडल्यावर जागा होतो का बघा. पेनड्राइव्हवरून हळू चालेल, त्यावरून वेगाचं मत बनवू नका.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर फाइल लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का तेही बघा, असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. अजून एक, दोन्ही ठेवलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढेमागे दिसतं, घाबरू नका, मशीन बिघडलेलं नसतं. लिनक्स आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर धरतं आणि विंडोज आपल्या वेळेवर. एका ओळीच्या कमांडने मिटतं, तेव्हा सांगतो.

माळावरची_बाभळ
मिंटला माझं पण अनुमोदन, पण सर दोन्ही एका डिस्कवर ठेवायच्या भानगडीत पहिल्यांदाच पडू नका. पार्टिशन करताना (डिस्कचे भाग पाडताना) एक चूक झाली की दहा वर्षांचं काम जातं. माझ्या मेव्हण्याच्या मशीनवर मीच 'सगळी डिस्क पुसा' हा पर्याय न वाचता पुढे गेले होते, त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो गेले, ते आजही मला लागतं.

त्यापेक्षा २४० जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या. जुनी हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घाला, एसएसडी तिच्या जागी बसवा आणि मिंट त्या कोऱ्या एसएसडीवर टाका. तिथे पुसण्यासारखं काहीच नसतं, आणि जुनं विंडोज अन् फाइली सगळं त्या केसमध्ये जसंच्या तसं. नाही आवडलं तर डिस्क परत लावली की पहिल्यासारखं. आणि तुमचं मशीन पाच मिनिटं घेतंय ते मुख्य त्या फिरत्या डिस्कमुळे, प्रोसेसर इतका वाईट नाही. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा असेल तर ४ जीबी अजून टाकून घ्या, डीडीआर३एल हा रॅमचा प्रकार सांगा दुकानात, तिथे चुकीची रॅम आणून परत जाणारे बरेच असतात.

मुख्याध्यापकांचा डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा यूएसबी) तुमच्याच लॅपटॉपला लावत असाल तर ते काम शाळेतल्या विंडोजवर राहू द्या. लिनक्सवर होतं, पण ड्रायव्हरची खटपट नवख्याने पहिल्या महिन्यात करू नये.

जोडाक्षर
फॉन्टचं मी सांगतो, बारा वर्षं डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचं काम) केलंय.

श्रीलिपीची जुनी फाइल म्हणजे आत खरं मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यावर मराठीचा आकार दाखवतो, म्हणून फॉन्ट नसला की अगम्य इंग्रजी दिसतं. फाइल खराब झालेली नसते. तुमच्याकडच्या परवान्याचे टीटीएफ फॉन्ट (फॉन्टच्या फाइली) मिंटमध्ये टाकले की लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखं फुकट ऑफिस) बहुतेक वर्डच्या फाइली दिसतात, छापताही येतात. पण त्या फॉन्टमध्ये नवीन टाइप करायला श्रीलिपीचं सॉफ्टवेअर लागतं, ते विंडोजचं आहे. म्हणून जुनं वाचायला तो फॉन्ट ठेवा आणि नवीन सगळं युनिकोडमध्ये करा. जे परत वापरायचंय तेवढं कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, नंतर रफार, ऱ्या आणि श्र डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच होतात. आणि विंडोज सोडायच्या आधी पेजमेकरच्या फाइलींचं पीडीएफ काढून ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं, आजच करा.

टाइपिंगला गुगलचं ते टूल लिनक्सवर नाही. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस हा टाइपिंगचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन हे भाषांचं पॅकेज टाका, त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट (देवनागरी कीबोर्ड), फोनेटिक, आणि गमभन (इंग्रजी बटणांवरून उच्चाराप्रमाणे टाइप करायची पद्धत) सुद्धा आहे. मराठी संकेतस्थळांवर गमभनने लिहिलेल्यांची बोटं लगेच बसतात. इनस्क्रिप्ट येत असेल तर काहीच शिकायला नको, बटणं तीच.

जतकर_मास्तर
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय कारण करून मगच सांगायचं ठरवलं होतं.

बाभळताईंचं ऐकलं, एसएसडी घेतली, जुनी डिस्क केसमध्ये. पेजमेकरचं पीडीएफ काढायला दोन रविवार गेले. पेनड्राइव्हवर तपासलं तेव्हा वायफायच दिसेना, बाकी सगळं ठीक. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू केलं तर नेट आलं, मग इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये वायफायचा ड्रायव्हर आपोआप सापडला, रीस्टार्ट केला, झालं. इन्स्टॉलला वीस मिनिटं सुद्धा लागली नाहीत, आणि आता अर्ध्या मिनिटात चालू होतो, वर्गात मुलं वाट बघत बसायची ती बंद झाली.

श्रीलिपीच्या १४० फाइली उघडून बघितल्या. सहा सोडून सगळ्या नीट दिसल्या, त्या सहात तक्ते सरकलेत. अडलंय ते प्रिंटरवर. घरी एक जुना लेझर आहे, यादीत दिसतो पण कागद ओढत नाही.

पेनड्राइव्हवाला
मस्त काम केलंत सर! आता मिंटमधलं टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट (सिस्टीमची आजची प्रत) घ्या, पुढे अपडेटने काही बिघडलं तर सिस्टीम आजच्या स्थितीला परत नेता येते. त्यात तुमच्या फाइली मात्र येत नाहीत, त्यांची कॉपी त्या केसमधल्या डिस्कवर वेगळी ठेवा.

प्रिंटरचं म्हणाल तर काही जुने लेझर कंपनीच्या स्वतःच्या भाषेतच बोलतात, त्यांना कंपनीचाच लिनक्स ड्रायव्हर लागतो. प्रिंटरच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर इथे लिहा. तोवर प्रश्नपत्रिका पीडीएफ करून शाळेतल्या मशीनवर छापा, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच राहतो त्यामुळे तिथे अक्षरं बदलायची नाहीत.

जतकर_मास्तर
पट्टी पुसट झालीये, उद्या उजेडात वाचून लिहितो. चौथीचा परिसर अभ्यासचा पेपर आज गमभनने टाइप केला, लिब्रेऑफिसमध्ये. 'ज्ञ' कसा काढायचा तेवढं सांगा.