रनिंग मेटमुळे खरंच एखादं राज्य जिंकता येतं का?

चांदणवेल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारते. मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहते, सिटिझनशिप मिळाल्यावर राष्ट्राध्यक्षपदासाठीचं माझं पहिलं मत 2024 ला दिलं, त्यामुळे ती निवडणूक मी अगदी जीव लावून बघितली. निकालानंतर इथे ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या तोंडी एकच, की कमला हॅरिसनी आमच्या गव्हर्नरना म्हणजे जॉश शापिरोंना रनिंग मेट (सोबतचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार) घेतलं असतं तर इथली 19 इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष ठरवणारी, राज्यागणिक ठरलेली मतं) गेली नसती, मिनेसोटाच्या टिम वॉल्झना घेऊन काय मिळालं, मिनेसोटा तर तसंही डेमोक्रॅटच जिंकत आलेत. आणि तिकडे ट्रम्पनी घेतले जे. डी. व्हान्स, ओहायोचे, जे राज्य 2016 आणि 2020 ला त्यांचंच होतं, म्हणजे त्यांनी राज्याचा हिशोब केलाच नाही आणि तरी जिंकले.

तर हे नक्की कसं ठरवतात? राज्य बघतात, वय बघतात, बाई-पुरुष, धर्म, अनुभव, की उमेदवाराचं ज्याच्याशी जमतं तो? आणि दोघं एकाच राज्यातले चालत नाहीत म्हणतात ते खरं का? मला मनापासून समजून घ्यायचंय, कुणाच्या बाजूने भांडायचं नाहीये.

जुना_वाचक

चांदणवेल, आधी तुमच्या राज्याचा हिशोब करू. हॅरिसना 226 मतं मिळाली, ट्रम्पना 312, लागतात 270. आता समजा शापिरोंमुळे पेनसिल्व्हेनिया मिळालं, तर 226 अधिक 19 म्हणजे 245, तरी 25 कमीच. सातही स्विंग स्टेट्स, म्हणजे कधी इकडे कधी तिकडे झुकणारी राज्यं, गेली होती हो. तेव्हा शापिरो जास्त चांगले उपाध्यक्ष झाले असते असं कुणाला वाटत असेल तर तो वेगळा वाद, पण त्यांना घेतलं नाही म्हणून निवडणूक गेली हे आकड्यात बसत नाही.

ही सगळी समजूत आली 1960 वरून. केनेडींनी लिंडन जॉन्सनना घेतलं, टेक्सास साधारण 46 हजार मतांनी मिळालं, तिथली 24 इलेक्टोरल मतं मिळाली आणि तेव्हापासून सगळे म्हणतात की बघा रनिंग मेट असा राज्य आणून देतो. पण केनेडींना एकूण 303 मिळाली होती आणि तेव्हा लागत होती 269, म्हणजे नुसतं टेक्सास गेलं असतं तरी ते 279 वर जिंकलेच असते. जॉन्सनचा खरा उपयोग टेक्सासच्याही पलीकडे होता, ते रेल्वेने दक्षिणेतल्या गावागावात हिंडले, एका कॅथलिक उमेदवाराबद्दल तिथल्या लोकांच्या मनात जी अढी होती ती त्यांच्यातलाच एक माणूस येऊन बोलल्यावर थोडी सैल झाली. याला राज्य आणणं म्हणत नाहीत, याला भरवसा आणणं म्हणतात.

पुढची उदाहरणं घ्या. 1988 ला डुकाकिसनी टेक्सासचे लॉइड बेंटसन घेतले, समोरच्या बाजूचे रनिंग मेट डॅन क्वेल यांच्यासोबतच्या डिबेटमध्ये बेंटसननी बाजी मारली, पण टेक्सास गेलं ते गेलंच, समोर थोरले जॉर्ज बुश स्वतः टेक्सासचे होते. 2004 ला केरींनी नॉर्थ कॅरोलायनाचे एडवर्ड्स घेतले, ते राज्य गेलं. 2012 ला रॉमनींनी विस्कॉन्सिनचे पॉल रायन घेतले, तेही गेलं. एवढंच काय, 2000 मध्ये अल गोर स्वतः राष्ट्राध्यक्षपदाला उभे असताना त्यांचं स्वतःचं टेनेसी त्यांना मिळालं नाही, मग खालच्या नावाकडून काय अपेक्षा करायची. लोक मत देतात ते वरच्या नावाला.

किनारा

एका राज्याचं मी सांगतो कारण यात फार गोंधळ होतो. दोघं एका राज्याचे चालत नाहीत असं कुठेही लिहिलेलं नाही. बाराव्या घटनादुरुस्तीत एवढंच आहे की इलेक्टर (राज्याच्या वतीने इलेक्टोरल मत देणारा) ज्या राज्याचा, त्याने आपल्याच राज्यातल्या दोघांना मत द्यायचं नाही, एक तरी बाहेरचा हवा. म्हणजे फटका बसतो तो फक्त त्या एका राज्याच्या मतांपुरता.

2000 मध्ये धाकटे बुश टेक्सासचे आणि त्यांचे रनिंग मेट चेनीही तेव्हा टेक्सासमध्येच राहत होते, नाव जाहीर व्हायच्या काही दिवस आधी त्यांनी जाऊन वायोमिंगला मतदार नोंदणी केली. कोर्टात केसही झाली पण टिकली नाही. आणि तो फरक किती मोठा होता बघा, बुशना मिळाली 271, त्यातली 32 टेक्सासची, ती 32 चेनींना देता आली नसती तर ते 239 वर राहिले असते आणि उपाध्यक्ष कोण ते सिनेटला ठरवावं लागलं असतं.

रानवारा

माझं मत थोडं वेगळं आहे, राज्य मिळत नाही हे मान्य पण म्हणून निवडीला किंमत नाही असं कुणी समजू नये. रनिंग मेट जिंकून देत नसेल पण बुडवू शकतो, निदान प्रचाराची वाट तरी लावू शकतो, आणि त्यासाठी 1972 वाचाच.

डेमोक्रॅट मॅकगव्हर्नना मायामी बीचच्या कन्व्हेन्शनमध्ये (पक्षाच्या अधिवेशनात) उमेदवारी मिळाली पण पक्षातली भांडणं मिटवता मिटवता रनिंग मेटचा विचार करायला वेळच उरला नाही, टेड केनेडींना गळ घातली ते नाही म्हणाले, आणखी काही जण नाही म्हणाले, आणि शेवटी घाईघाईत मिझुरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांना फोन गेला. मागचं काही अडचणीचं आहे का विचारलं तर नाही म्हणाले. नंतर बाहेर आलं की 1960 च्या दशकात डिप्रेशनसाठी ते तीनदा हॉस्पिटलमध्ये होते आणि शॉक ट्रीटमेंटही झाली होती. मॅकगव्हर्न आधी म्हणाले मी 1000 टक्के त्यांच्या पाठीशी आहे, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बाजूला व्हायला लावलं. नॉमिनेशननंतर 18 दिवसांत खेळ संपला. त्यांच्या जागी सार्जंट श्रायव्हर आले, आणि नोव्हेंबरमध्ये हातात फक्त मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन डीसी.

मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं आणि ते मी मोकळेपणाने लिहिते. माझ्या घरात एका जवळच्या माणसाने हा आजार काढलाय, उपचार घेऊन उत्तम काम करतोय. ईगलटनही पुढे 1987 पर्यंत सिनेटर होते, म्हणजे मिझुरीच्या लोकांनी त्यांना परत परत निवडून दिलं. त्यांना आजार होता हा दोष नव्हताच, दोष हा की ते बोलायला त्यांना भीती वाटावी असा काळ होता आणि समोरच्यांनी नीट बसून विचारलंही नाही. दोन दिवस शांतपणे बोलले असते तर एकतर दुसरं नाव निघालं असतं नाहीतर हेच नाव ठेवून लोकांना आधीच सगळं सांगता आलं असतं.

त्यानंतर मात्र सगळे शहाणे झाले. 1976 ला कार्टरना उमेदवारी आपलीच हे बरंच आधी कळलं होतं, त्यांनी मस्की, ग्लेन, मॉन्डेल अशांना जॉर्जियात प्लेन्सला आपल्या घरी बोलावून गप्पा मारल्या, आणि मॉन्डेलना निवडलं. आता तर वकिलांची टीम बसते, टॅक्स रिटर्न, तब्येतीचे कागद, जुनी भाषणं, नवरा-बायकोचे व्यवसाय, सगळं उकरून काढतात. हॅरिसना मात्र या कामाला जेमतेम दोन आठवडे मिळाले, बायडननी 21 जुलैला माघार घेतली आणि 6 ऑगस्टला वॉल्झचं नाव जाहीर झालं.

जुना_वाचक

रानवारा, बुडवण्याबद्दल एकच म्हणतो, मॅकगव्हर्न हरलेच असते, निक्सनची लाट होती. पण त्या 18 दिवसांत लोकांनी मॅकगव्हर्न दबावाखाली कसे वागतात ते पाहिलं हे खरं. म्हणजे रनिंग मेटपेक्षा निवडणाऱ्याचीच परीक्षा झाली म्हणा.

चांदणवेल

रानवारा, तुमचं वाचून गलबलून आलं, घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

जुना_वाचक, हिशोब पटला, 245 चा आकडा मी कधी मांडूनच बघितला नव्हता. पण मग राज्य नाही तर बघायचं काय? पक्षातले गट सांभाळायला घेतात का? ट्रम्पनी 2016 ला पेन्सना घेतलं तेव्हा तसंच म्हणत होते ना.

दूरचा_दिवा

हो तसंही घेतात आणि बऱ्याचदा तेच मुख्य कारण असतं. 2016 ला पेन्स आले म्हणून चर्चला मानणारे रिपब्लिकन जरा निर्धास्त झाले. 1980 ला रेगननी थोरल्या बुशना घेतलं, त्याच बुशनी प्रायमरीत (पक्षांतर्गत निवडणुकीत) त्यांच्या आर्थिक धोरणाला जादूटोण्याचं अर्थशास्त्र म्हटलं होतं, आणि तेही डेट्रॉइटच्या कन्व्हेन्शनमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याशी चाललेली बोलणी फिसकटल्यावर अगदी शेवटच्या घटकेला. उलट 1992 ला क्लिंटननी तोल वगैरे काही बघितलं नाही, आर्कान्सॉच्या शेजारच्या टेनेसीचे गोर घेतले, दोघंही पंचेचाळिशीच्या आतबाहेर, दोघंही दक्षिणेतले, आणि नवी पिढी आली हेच लोकांना सांगायचं होतं ते सांगितलं गेलं.

पण मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे अजून कुणी लिहिलं नाही. आजवर नऊ उपाध्यक्ष मधेच राष्ट्राध्यक्ष झालेत, आठ वेळा राष्ट्राध्यक्ष वारले किंवा मारले गेले आणि एकदा निक्सननी राजीनामा दिला. फोर्ड तर रनिंग मेट म्हणून निवडलेच गेले नव्हते, निक्सनचे उपाध्यक्ष ॲग्न्यू यांनी राजीनामा दिल्यावर पंचविसाव्या घटनादुरुस्तीने आले. नऊ वेळा म्हणजे थोडंथोडकं नाही. ज्याला तोल साधायला म्हणून घेतलं तोच उद्या देश चालवणार आहे हे निवडताना किती जणांच्या मनात असतं?

1864 चं उदाहरण मला कायम अस्वस्थ करतं. लिंकनचे पहिले उपाध्यक्ष हॅनिबल हॅमलिन, मेनचे, गुलामगिरीचे पक्के विरोधक. दुसऱ्या निवडणुकीत युद्ध चालू होतं, उत्तरेतल्या डेमोक्रॅट लोकांचीही मतं हवी होती, म्हणून रिपब्लिकन पक्षाचं नाव त्या वेळेपुरतं नॅशनल युनियन केलं आणि हॅमलिन जाऊन टेनेसीचे डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन आले. तिकीट (दोन उमेदवारांची जोडी) म्हणून झकास, दक्षिणेतला माणूस आणि तरी युनियनशी एकनिष्ठ. 4 मार्च 1865 ला शपथ झाली आणि सहा आठवड्यांत लिंकनना गोळी घातली. मग जे काम लिंकननी अर्धवट सोडलं ते आलं जॉन्सनच्या हातात, आणि त्यांनी नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या हक्कांचा 1866 चा कायदा व्हेटो केला, काँग्रेसने (तिथल्या संसदेने) तो व्हेटो मोडून काढला ही गोष्ट वेगळी. 1868 ला महाभियोग झाला, सिनेटमध्ये 35 विरुद्ध 19, पदावरून काढायला दोन-तृतीयांश लागतात म्हणून एका मताने वाचले. हॅमलिन राहिले असते तर काय झालं असतं हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण चाळीस लाख माणसं नुकती गुलामीतून सुटलेली असताना त्यांच्या नशिबाची गाठ तिकिटाच्या सोयीने निवडलेल्या माणसाशी पडली, हे मला विसरता येत नाही.

1944 लाही पक्षाच्या पुढाऱ्यांना रूझवेल्ट फार दिवस राहणार नाहीत याचा अंदाज होता, म्हणूनच हेन्री वॉलेसना काढून ट्रुमनना आणलं. म्हणजे निदान त्या वेळी प्रश्न तरी बरोबर विचारला गेला. पण निवडून आल्यावर ट्रुमनना कुणी जवळ केलं नाही, ते 82 दिवस उपाध्यक्ष होते, आणि रूझवेल्ट गेल्यावर अणुबॉम्बची नीट माहिती त्यांना मिळाली ती शपथ घेतल्यावर जवळजवळ दोन आठवड्यांनी. युद्ध चालू असताना!

रानवारा

म्हणूनच मी कार्टर-मॉन्डेलचं उदाहरण दिलं होतं पण अर्धवट सोडलं. मॉन्डेलनी आधीच लिहून दिलं की मला नुसतं समारंभाला पाठवू नका, सल्लागार म्हणून वापरा. कार्टरनी त्यांना वेस्ट विंगमध्ये (व्हाइट हाउसच्या ज्या भागात राष्ट्राध्यक्षांचं ऑफिस असतं तिथे) ऑफिस दिलं, आठवड्याला एकदा दोघांचं एकत्र जेवण ठरवलं, गुप्त कागद बघायला दिले. त्याआधी उपाध्यक्षाला वेस्ट विंगमध्ये जागाच नव्हती. तेव्हापासून निवडीचा प्रश्नच थोडा बदलला, चार वर्षं याच्याशी रोज बोलता येईल का हेही बघावं लागतं.

किनारा

आणि सिनेटमधलं टायब्रेकर मत विसरू नका. सिनेट 50-50 अशी अडली की उपाध्यक्षाचं मत निर्णायक. हॅरिसना उपाध्यक्ष असताना 33 वेळा असं मत द्यावं लागलं, तो विक्रम आहे, आधीचा कॅलहूनचा 31 चा होता, तोही 1830 च्या आसपासचा.

चांदणवेल

दूरचा_दिवा, 1864 चं मला अजिबात माहीत नव्हतं. सिटिझनशिपच्या परीक्षेसाठी मी पाठ केलं होतं की राष्ट्राध्यक्ष गेले तर उपाध्यक्ष जागा घेतो, एका ओळीचं उत्तर, त्या ओळीमागे एवढं असेल असं तेव्हा वाटलंच नाही.

आता एक कबूल करते, मी 2024 ला मत देताना खालच्या नावाचा विचार फक्त आपल्या राज्याचा की बाहेरचा एवढाच केला होता. व्हान्स तेव्हा सिनेटमध्ये येऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि वॉल्झ सहा वर्षं गव्हर्नर, त्याआधी बारा वर्षं काँग्रेसमध्ये, हे मी मत देताना शेजारी शेजारी ठेवून बघितलंच नाही, माझं मत कुणालाही गेलं असो. अँड्र्यू जॉन्सनच्या काळाबद्दल मराठीत काही सलग लिहिलेलं असेल तर सांगा कुणीतरी, नसेल तर दूरचा_दिवा तुम्हीच वेगळा धागा काढा, मी प्रश्न घेऊन येते.

दूरचा_दिवा

काढतो, या शनिवार-रविवारी बसतो लिहायला. सुरुवात हॅमलिनपासून करेन, कारण 1864 मध्ये त्यांना नेमकं कुणी बाजूला सारलं, लिंकनना स्वतःला ते हवं होतं की नाही, यावर त्या काळच्या माणसांमध्येच पुढे जोरदार वाद झाला होता, आणि तो वाद नीट मांडायला हवा.