कॅम्पातली हगवण अन् जनजागृती

भाऊ, तुम्ही लिहिलं का कॅम्पातले निर्वासित हात धूत नाहीत, जागृती नाही म्हणून रोग पसरतात, हे मले अर्धंच पटते. संकटात मदत करणाऱ्या संस्थांचे स्फिअर नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात माणशी रोज कमीत कमी 15 लिटर पाणी आणि 20 माणसांमागे एक संडास धरला आहे, आता जिथं तेवढंही भेटत नाही तिथं साबणाचं पोस्टर लावून काय होणार सांगा. 1994 मध्ये काँगोतल्या (तेव्हाचं झैरे) गोमा शहराकडं रवांडाचे लाखो निर्वासित आले अन् कॉलऱ्यानं हजारो गेले, चांगलं पाणीच नव्हतं ना बाप्पा.

पण सांगितल्यानं जीव वाचतात हेही खरं. 1971 मध्ये पश्चिम बंगालात बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या कॅम्पात सलाईन संपत आली तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा पाण्यात कालवून दिलं अन् पाजायचं काम नातेवाईकांनीच केलं, मृत्यूदर 30 टक्क्यांवरून 4 च्या खाली आला!

आपल्या गडचिरोलीतल्या भामरागडकडं पूर आला का लोकांले शाळेत आणून ठेवतात, तिथं पहिल्याच दिवशी हे शिकवा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा छोटे सपाट चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा सपाट चमचा मीठ, लेकराले हगवण लागली का घोट घोट पाजत राहा, अंगावरचं दूध बंद करू नका, अन् लघवी कमी झाली का लगेच दवाखान्यात न्या. मराठीत नोटीस चिकटवून भागत नाही, तिथली आदिवासी बोली माडिया बोलणारी आशाताई समोर बसवा, तिनं एकदा करूनच दाखवावं.