पूर ओसरल्यावर मदत पथकांनी एकत्र बसायचं की घरी जायचं?

कृष्णाकाठ
ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी चढलं आणि पुण्या-मुंबईहून टेम्पो सुटले. हमरस्त्यालगतच्या गावांत बिस्किटं आणि जुने कपडे उतू गेले, आतल्या वस्त्यांना प्यायचं पाणी मिळेना. २०२१ ला परत तीच तऱ्हा. माझं म्हणणं एवढंच, की पथकांनी एकमेकांशी बोलायचा आणि एकमेकांकडून शिकायचा खर्च डिझेलच्या खर्चाइतकाच आवश्यक धरावा.

कच्छात २००१ च्या भूकंपानंतर 'अभियान' या संस्थांच्या जाळ्याने गावांच्या एकेका गटासाठी 'सेतू' केंद्र काढलं. कुठे काय पोचलं, कुठे काय हवंय, सरकारी आदेशाचा अर्थ काय, हे तिथे कळायचं. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमला संस्थांचं समन्वय केंद्र उभं राहिलं, त्यात कच्छचा हा अनुभव कामी आला. आपल्याकडे दर पुराला पाटी कोरी.

थेट_बांधावरून
साफ असहमत. पाणी छातीला लागल्यावर बैठक कसली? २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, तिच्यात माणसं मावेनाशी झाली होती. तिथे बोटी आणि लाइफ जॅकेट कमी होती, चर्चा नव्हे. पहिले काही दिवस हुकूम एकाचाच चालला पाहिजे, तो जिल्हाधिकाऱ्याचा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष तोच आहे.

आणि बैठकीत बोलतो कोण? गळ्यात ओळखपत्र असलेला. नावाडी बाहेर गाडीला टेकून बिडी ओढत असतो.

औसेकर
नावाड्याचा मुद्दा बरोबर, पण निष्कर्ष चुकला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचं सांगतो. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद, त्याखाली माणसं गेली. पुढे घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा सरकारी कार्यक्रम आला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. अनुदान, इंजिनिअर आणि घरमालक यांच्या मधलं बोलणं त्यांच्यामार्फत व्हायचं.

भुजच्या भूकंपानंतर इकडच्या बायका कच्छला गेल्या, तिथल्या बायकांसोबत राहिल्या. भाषा वेगळी, पण पडलेलं घर दोघींनी पाहिलेलं. सभागृहात बसून हे शिकवता येत नाही, त्याला मुक्काम लागतो.

हिशेबनीस
मुक्कामाचं भाडं कोण देणार? आणि 'शिकण्या'च्या नावाखाली काय चालतं ते मी लेखापरीक्षणात बघतो: हॉटेलात दोन दिवस कार्यशाळा, इंग्रजीत अहवाल, गावच्या कार्यकर्त्याला प्रमाणपत्र नि समोसा. २०२० ला एफसीआरए, म्हणजे संस्थांना मिळणाऱ्या परदेशी पैशाच्या कायद्यातल्या दुरुस्तीने, परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, ते उगाच नाही.

औसेकर
त्याच दुरुस्तीने तो निधी दुसऱ्या संस्थेला द्यायलाही बंदी घातली, ते का सांगत नाही? मोठ्या शहरातल्या संस्थेने आणलेला परदेशी पैसा शिरोळच्या छोट्या संस्थेकडे जाऊच शकत नाही. आणि मग आपण म्हणायचं, संस्था एकत्र काम करत नाहीत!

हिशेबनीस
बंदीचं समर्थन मी केलेलं नाही. पण पुरासाठी देशातच वर्गणी भरपूर जमते, तिच्यावर ही बंदी नाही. ती वापरा.

कृष्णाकाठ
हॉटेल सोडून दिलं. माझी मागणी छोटी आहे. मे महिन्यात शिरोळ, पलूस, वाळवा इथल्या लोकांनी एकमेकांच्या गावी जाऊन राहावं. नावाडी, आशाताई, अंगणवाडी सेविका, दुधाच्या गाड्यांचे ड्रायव्हर. पाणी कुठल्या रस्त्याने आधी चढतं, जनावरं कुठे हलवतात, बाळंतीण आणि अंथरुणाला खिळलेली माणसं कुठल्या घरात आहेत, हे चालत फिरून बघायचं. प्रत्येकाला दिवसाची मजुरी द्यायची. फुकटात बोलावलं तर नावाडी येणार नाही, आणि का यावं?

थेट_बांधावरून
मजुरी दिलीत तर माझा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा असा: बोलावणार कोण? तहसीलदाराने बोलावलं तर सगळे येतील आणि गप्प बसतील. एका संस्थेने बोलावलं तर दुसरी फिरकणार नाही, तिथे बॅनर कुणाचा यावरूनच भांडण होतं.

कृष्णाकाठ
ग्रामपंचायतीने बोलवावं. बॅनर नको.

थेट_बांधावरून
आमच्याकडे सरपंच आणि उपसरपंच एकमेकांशी बोलत नाहीत. तरी मे मध्ये कळवा, एक नावाडी घेऊन येतो.