अपार्टमेंटमधली चोरी : झालेली आणि टळलेली (अनुभव धागा)

मे महिन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये (संभाजीनगर, १२ फ्लॅट) भरदुपारी घर फुटलं. मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकच, कॅमेरे वाढवा. अहो, चार होतेच की! चोर तोंडाला रुमाल बांधून आला, आणि आपल्याकडं त्या उन्हात रुमाल न बांधलेला माणूसच वेगळा दिसतो. तुमच्याकडं खरंच काय कामी आलं, ते लिहा.

लातूर, औसा रोड
२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. टँकर कधी रात्री अकराला, कधी अडीचला, म्हणून गेट रात्रभर सताड उघडं. पार्किंगमधून दोन गाड्या गेल्या. तेव्हापासून टँकरवाला आधी फोन करतो, ज्याची पाळी त्यानं खाली यायचं, हौद भरेस्तोवर थांबायचं, कुलूप लावूनच वर जायचं. पाळीवरून भांडणं होतात, होऊ द्या. गाडी मात्र पुन्हा चोरीला गेली नाही.

नांदेड, तरोडा
चोरांनी आधी मजल्यावरच्या बाकी तीन दारांना बाहेरून कड्या घातल्या. कोयंडा तोडल्याचा आवाज आम्हाला आत ऐकू येतोय, पण बाहेर पडता येईना! समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी गॅलरीतून आरडाओरडा केला तेव्हा पळाले. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून सगळ्या बाहेरच्या कड्या काढल्या आणि दारात बसणारी कुलपं घेतली. तसंही, बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे घरी कुणी नाही अशी पाटीच.

परभणी
उकाड्यात सगळे गच्चीवर झोपायचो, खाली नुसतं लॅच ओढून. किल्ली न फिरवलेलं लॅच पट्टी सरकवूनही उघडतं, हे सकाळी उघडं कपाट बघून कळलं.

जालना
लग्नाहून अकराव्या दिवशी परतलो. फुटेज आठच दिवसांचं. डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं चढतं, हे कॅमेरे बसवणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. त्यात लाइट गेली की डीव्हीआर (फुटेज साठवणारा डबा) बंद. आता तो इन्व्हर्टरवर घेतलाय.

बीड
वॉचमन मामांना आपणच जार वर न्यायला, गाड्या पुसायला लावतो. मग गेटवर कोण? मीपण त्यातलाच.

धागा काढणारा
नांदेडकर, तुमचं वाचून आत्ता खाली-वर फिरून आलो. बारापैकी नऊ दारांना बाहेरून कडी आहे. एक माझ्याच.