टप्पा, चरण का फेज?

जालन्याहून:
लाईट रेल्वेवर मराठीत टिपण लिहितोय. 'प्रकल्प तीन फेजमध्ये होईल' यातल्या फेजला काय म्हणावं? 'चरण' लिहिलं तर वडील म्हणाले, हा अभंग आहे का रेल्वे? 'टप्पा' मोघम वाटतो. पहिला टप्पा म्हणजे पहिली तीन वर्षं, पहिला निधी, का पहिले दहा किलोमीटर?

परभणीहून:
'टप्पा'च लिहा दादा, तो मोघम नाही. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं, एक टप्पा 6 किलोमीटरचा. डाकेचे हरकारे टप्प्यावर थैली पुढच्याच्या हाती देत. चेंडूचा टप्पा पडतो तोही जमिनीला टेकून. म्हणजे टप्प्याला टेकायला जागा लागते. रेल्वेचा टप्पा तोच, जो तेवढाच बांधून काम थांबलं तरी गाडी चालते.

समजा छत्रपती संभाजीनगरात वाळूज ते शेंद्रा अशी गाडी आली. गर्दी क्रांती चौक ते सिडको बसस्थानक या पट्ट्यात, म्हणून आधी तेवढंच बांधलं. पण गाड्या रात्री ठेवणार कुठं, धुणार-दुरुस्त करणार कुठं? आगाराएवढी मोकळी जागा शहराच्या कडेलाच मिळणार. आगार, वीज उपकेंद्र, टोकाला गाडी रूळ बदलून परतायची सोय आणि पुरेसे प्रवासी, हे सगळं ज्यात आहे तो टप्पा. बाकी नुसता तुकडा. निधी येतो तो हप्ता. सर्वेक्षण, निविदा, जलवाहिन्या हलवणं या पायऱ्या. आपल्याकडं तिन्हींना सर्रास टप्पा म्हणतात आणि वाचणारा फसतो. मला हे फार खटकतं.

लातूरहून:
फेज तर नकोच. आमच्याकडं शेतकरी रात्री विचारतो, 'थ्री फेज आली का?' त्याला फेज म्हणजे वीज, मोटार चालवायची. लाईटचंही तेच, लाईट रेल्वे म्हणजे विजेवरची रेल्वे असं समजतील. 'हलकी' म्हणावं तर कमी प्रतीची वाटते. मेट्रोपेक्षा कमी प्रवासी नेणारी, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

जालन्याहून:
मग पुण्याच्या मेट्रोचं काय? 6 मार्च 2022 ला पहिल्या टप्प्यातले वनाज ते गरवारे आणि पिंपरी ते फुगेवाडी असे दोन सुटे मार्ग सुरू झाले. ते जुळले 1 ऑगस्ट 2023 ला, सिव्हिल कोर्ट स्थानकात.

परभणीहून:
तिथं 'पहिल्या टप्प्यातले दोन भाग' म्हणा, शब्द तुटत नाही. आणखी एक. लंडनची डॉकलँड्स लाईट रेल्वे 1987 मध्ये सुरू झाली ती एकेका डब्याच्या गाड्यांनी, फलाटही आखूड. मार्ग वाढला, गर्दी वाढली आणि चालू रेल्वेत फलाट लांबवावे लागले. हरकाऱ्याची थैली पुढच्याला पेलली पाहिजे, तसा पुढचा टप्पा पहिल्यातच मोजावा लागतो.

जालन्याहून:
मग वाक्य असं करतो: 'मार्ग तीन टप्प्यांत सुरू होईल.' नुसतं 'होईल' काढून टाकलं.