तीन सेंटच्या नाण्यात सहावर ठोकलेला सात: ओव्हरडेटसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

भुईकोट:
गेल्या रविवारी सोलापूरच्या नवी पेठेत आमची चार-पाच जणांची बैठक झाली. मी नुकतंच घेतलेलं नाणं दाखवलं: अमेरिकेचं १८८७ चं तीन सेंट, निकेलवालं, प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी मुद्दाम चकचकीत पाडलेलं. भिंग लावलं की शेवटच्या सातच्या आडून सहाचं पोट डोकावतं. जुन्या सालावर नवं साल ठोकलेलं असलं की त्याला ओव्हरडेट म्हणतात, आणि हा १८८७/६ असा लिहितात. बैठकीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "डोळ्याला न दिसणाऱ्या रेघेसाठी तीस हजार घातलेस?" तिथं मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं लिहितोय.

त्या काळी टांकसाळीत नाण्याचं चित्र मूळ साच्यावरून डायवर, म्हणजे नाणी ठोकायच्या पोलादी शिक्क्यावर, उतरायचं, पण साल प्रत्येक डायवर हातानं, पंच ठोकून घालायचे. वर्ष सरलं आणि डाय अजून धडधाकट असला, तर भंगारात कशाला टाकायचा? जुन्या आकड्यावर नवा ठोकायचा. खालचा आकडा पुरता मिटला नसेल, तर त्या डायमधून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर दोन्ही सालं यायची.

या नाण्याची खरी गोष्ट मात्र १८८६ ची आहे. तीन सेंट हे मुळात टपालाच्या तिकिटाला सोयीचं नाणं. १८८३ मध्ये टपालाचा दर तीनवरून दोन सेंटवर आला आणि त्याची गरजच उरली नाही. १८८६ मध्ये चलनासाठी एकही नाणं पाडलं नाही, फक्त संग्राहकांसाठी प्रूफ. १८८७ मध्ये चलनासाठी अवघी ५,००१ आणि प्रूफ २,९६०. म्हणजे १८८६ सालचे जे डाय वापरले, ते प्रूफचेच. आणि हा ओव्हरडेटही प्रूफमध्येच सापडतो! माझी समजूत अशी, की उरलेल्या प्रूफ डायवरच सात ठोकला गेला. प्रूफ म्हणजे डाय आरशासारखा घासलेला, नाण्याची कोरी चकतीही घासलेली, ठोका जपून दिलेला. एवढ्या देखण्या कामात कारागिरानं केलेली काटकसर दिसते, ती मला फार मोलाची वाटते.

सराफकट्टा:
तो प्रश्न विचारणारा मीच. इतिहास तू छान सांगितलास, रविवारीच सांगायला हवा होतास. पण माझा आक्षेप भावाला आहे. प्रूफमध्ये १८८७/६ हा साध्या १८८७ पेक्षा दुर्मीळ समजला जात नाही. तरी विकणारा 'रेअर ओव्हरडेट' असं ठळक लिहितो आणि आपण त्या दोन शब्दांचे पैसे देतो. साध्या १८८७ प्रूफपेक्षा तू किती जास्त दिलेस, तेवढं सांग.

दुसरं असं. औरंगजेबाच्या काळात आपल्या गावात टांकसाळ होती. त्याच्या चांदीच्या रुपयांवर फारसीत शोलापूर हे नाव येतं. चकती शिक्क्यापेक्षा लहान असायची, त्यामुळे गावाचं नाव अर्धंमुर्धं कडेबाहेर जातं. पूर्ण नाव आलेला रुपया हातात घेतला की अंगावर काटा येतो. भुईकोटाच्या सावलीत वाढलेल्या मुलानं तो सोडून अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीचा सहा आणि सात शोधावा, याचं मला वाईट वाटतं.

भुईकोट:
साडेचार हजार जास्त दिले, काका. भाव काढायला मी चुकलो, हे कबूल. पण दुर्मीळ म्हणून मी ते घेतलंच नव्हतं. सहा आणि सात एकत्र दिसतात म्हणून घेतलं. तीन हजार नाणी असली काय आणि तीन असली काय, त्यातली गोष्ट तीच राहते. सोलापूरचा रुपयाही घेईन, पण एकानं दुसऱ्याची जागा घ्यावी असं का?

तळ्याकाठची:
मी संग्राहक नाही, पण माझे वडील चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं होते. विणताना फुलाची एक पाकळी चुकली तर ती चादर सेकंडच्या गठ्ठ्यात जायची, कमी भावात. पहिल्या प्रतीचा माल काढताना त्यांचे डोळे गेले. टांकसाळीची चूक मात्र जास्त भावात जाते, हे मला पटत नाही. निर्दोष प्रूफ पाडणाऱ्याच्या मेहनतीला मग काय किंमत राहिली?

पूर्वभाग:
ताई, आमच्या घरात अजून माग आहेत, म्हणून बोलतो. तुमची तुलना धागा तुटलेल्या चादरीशी आहे. तो दोष एकाच चादरीत येतो. ओव्हरडेट म्हणजे जॅकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी उचलणाऱ्या यंत्राचा, दुरुस्त केलेला भोकांचा पुठ्ठा. आमचे आजोबा नक्षी थोडी बदलायची असली की नवा पुठ्ठा कापत नसत, जुन्या भोकावर कागद चिकटवून शेजारी नवं भोक पाडायचे. कागद निघाला की जुना धागाही उचलला जायचा, आणि प्रत्येक चादरीत त्याच जागी जुन्या नक्षीचा ठिपका. मालक लोक चिडायचे, खरंय. पण आज तशी चादर कुणाकडं मिळाली तर मी वाट्टेल ते देईन, कारण त्यात आजोबांचा हात दिसेल. भावाचं मात्र सराफकाकांशी जमतं माझं. साडेचार हजार लै झाले.

भिंगवाला:
सगळे ओव्हरडेट एका कारणानं होत नाहीत, ते वेगळं करा. विसाव्या शतकात साल मूळ साच्यातच, म्हणजे हबमध्येच आलं. १९४२/१ चा अमेरिकी डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, बघा: डायला पूर्ण ठसा उमटायला दोनदा दाब द्यावा लागायचा, त्यात एकदा ४१ चा आणि एकदा ४२ चा हब बसला. तिथं काटकसर वगैरे काही नाही, शुद्ध गफलत.

घेताना एवढं पाहा. डायमध्ये खोदलेलं नाण्यावर उठून येतं, म्हणून खऱ्या ओव्हरडेटमध्ये खालचा आकडाही उठावदार असतो. कुणी सुईनं कोरला असेल तर तो आत गेलेला दिसतो. ठोका देताना डाय हलला तर आकड्याच्या कडेला सपाट पायरी येते, तो ओव्हरडेट नव्हे. आणि नाणं घासू नका! प्रूफचा आरसा एकदा गेला की परत येत नाही.

आपल्याकडं तर आधी मूळ प्रूफ आणि मुंबई टांकसाळीचे रीस्ट्राइक यांतला फरक शिकायला हवा. जुन्या डायवरून संग्राहकांसाठी पाडलेले हे चकचकीत तुकडे मूळ म्हणून गळ्यात मारतात. माझ्या मेहुण्याला तर फोनवरून "तुमच्या जुन्या नाण्याचे लाख देतो, आधी कर भरा" म्हणून कुणीतरी आठ हजारांना बुडवलं. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सांगितलंय, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती कुठलाही कर किंवा कमिशन घेत नाही.

तळ्याकाठची:
पूर्वभाग, पुठ्ठ्याचं समजलं. तरीही वडिलांना विचारलं तर ते ती चादर सेकंडमध्येच टाकतील, आणि मी त्यांच्या बाजूची.

सराफकट्टा:
भुईकोट, रविवारी तुझं नाणं पुन्हा आण, मागच्या वेळी मी नीट पाहिलंच नाही. माझ्याकडचं दहा पट भिंग घेऊन येतो, आणि शोलापूरचा रुपयाही. पण तसा रुपया घ्यायचा झाला तर परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच, बिलासकट. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. साडेचार हजारांबद्दल मी समोरासमोरही हेच म्हणणार आहे.